जबल हफीतला जायचा बेत

रात्रपाळी सरता सरता
औषधांच्या तक्त्याच्या कोऱ्या पाठीवर मी लिहिलं:
शुक्रवार. जबल हफीत. तिघं. दिवसभर.

कुसुमलता फोनवर म्हणाली, सुकेशिनी, उलटं मोज.
तिच्या मॅडमचा चहा सहाला,
म्हणजे पाचच्या ठोक्याला माथा सोडायचा.
दुपारची भांडी तीनला आटोपतात,
मग हिलीच्या व्हिलामागचं लोखंडी दार,
मग पूर्णा तामांगची पाण्याच्या कॅनची गाडी,
मग इस्पितळाच्या फाटकाशी मी,
मग ती साठ वळणं.
सगळं वजा जाता
वर उरली अकरा मिनिटं.

मी तक्त्यावरचं "दिवसभर" खोडलं.
बाकी बेत तसाच ठेवला.

तिच्या गावी, कुरुणेगलकडे,
खडकात कोरलेल्या पायऱ्या चढून जावं लागतं विहाराला,
पांढरी साडी, हातात अरलियाची फुलं.
(अरलिया म्हणजे आपला चाफा,
हे कळायला आम्हाला वर्ष लागलं.)
पूर्णाच्या चढावर दर वळणाला
मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत,
ती उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं.
माझी तर नुसती टेकडी, वैनगंगेच्या अलीकडची,
वर पत्र्याची शेड, आत सिमेंटचा बुद्ध,
नाकाचा रंग दर उन्हाळ्यात उडायचा
आणि माझा बाप दर वैशाखात
सायकलला डबा टांगून रंगवायला जायचा.
मी मागे कॅरियरवर,
हातात ब्रश, पायात काही नाही.

इथल्या डोंगरावर विहार नाही.
गाड्या लावायचं मैदान आहे, कठडा आहे,
खाली सगळं शहर, खजुरांचे हिरवे तुकडे,
आणि पलीकडे वाळू, नजर पोचते तिथवर.
मूर्ती माझी. वीतभर. टॉवेलात गुंडाळलेली.
फुलं मॅडमच्या बागेतली,
पण फक्त गळून पडलेली,
माळ्याला विचारून. तो हसला म्हणे,
पडलेल्या फुलांना कोण विचारतं?

पौर्णिमा मंगळवारी आहे, सुट्टी नाही.
पूर्णा म्हणाला, आधीच्या शुक्रवारी
चंद्र उजेडातच उगवतो,
फिकट, पुसायला विसरलेल्या खडूसारखा.
त्याच्याकडे तोंड करून बसू.

त्रिसरण, पंचशील: चार मिनिटं.
कुसुमची चाल लांबवत नेणारी, माझी ठोक्यावर,
पाली तीच.
परवा फोनवर एकत्र म्हणून पाहिलं,
दुसऱ्या सरणाला ती मागे राहिली,
मी थांबले, मग ती पुढे गेली.
पाच मिनिटं धर, म्हणाली.
पूर्णा मनात म्हणणार, त्याला वेळ लागत नाही.
फोटोला दोन, माझ्या लेकासाठी,
तो विचारतो तिथे डोंगर असतात का.
डब्यातली जवसाची चटणी गाडीतच खायची,
वळणांवर सांडली तरी चालेल.
उरली चार. त्यांचं काय करायचं
ते आम्ही ठरवलं नाही.

ठरेना ते एकच.
चपला कुठे काढायच्या?
कमान नाही, पायरी नाही, घंटा नाही,
डांबर सगळीकडे सारखंच.
पूर्णा म्हणाला, गाडीतून उतरतानाच.
मी म्हटलं, कठड्याशी, मूर्ती ठेवू तिथे.
कुसुम बराच वेळ गप्प. मागून नळाचा आवाज,
कुणीतरी तिला हाक मारली, ती "येस मॅडम" म्हणाली,
मग हळूच, पाण्याच्या आवाजाआडून:
पहिल्यांदा चंद्र दिसेल तिथे.
पण पाचलासुद्धा डांबर भाजतं,
पायाला फोड आला तर उभी कशी राहू ओट्याशी?

आणि फोन ठेवला.

तक्त्यावर जागा संपली होती.
समासात आडवं लिहिलं:
मोजे. जाड. तीन जोड.